कोंडाला माळाव आनताना

परवा घरी आले, हातपाय धुतले, आन बसले न बसले तवर वस्तीतल्या बायका गोळा. "आक्का, कुटं गेलतीस गं येवढी? आन भन आली का न्हाई?" प्रत्येकीला पयल्यापासनं सांगून तोंड दुखाया लागलं. माझी नात स्वाती, ती साळंत शिकवती, आन माझ्यासंगं व्हतीच, ती म्हनली, "आजी, येकदाच नीट सांग. मी उतरून काढते. ज्याला पायजे त्यो वाचंल." म्हनलं बरं. पर मी बोलते तसंच लिव, तुझं साळंतलं बोलनं माझ्या तोंडात घालू नगंस.

तर कोंडा म्हंजी माझी धाकली भन. कोयनंच्या पान्याच्या वर, डोंगरात येक वाडी हाय, तितं दिलेली. ते जंगल आता वाघासाठी राकायचं म्हनून वाडी खाली हलवत्यात. विट्याच्या अलीकडं येक माळ दिलाय. वाडीतली समदी घरं उटून गेली. कोंडाची सून सुमन, बारकी नात चिमी, त्याबी माळाव पत्र्याच्या शेडात जाऊन ऱ्हायल्या. कोंडा तेवढी उटंना. तिचा ल्योक ज्ञानू, त्येचा येक पाय माळाव, येक पाय डोंगरात. आईला सोडवंना आन बायकू-पोरीलाबी सोडवंना. पाऊस लागला की वाडीची वाट बंद. मग मानूस न्हाई, दिवा न्हाई, तितं म्हातारी येकली काय करनार? ज्ञानूचा फोन आला, "मावशी, तुमीच या. आमचं काय ऐकंना झालीया. म्हनती, मरंन पर माळाव जायाची न्हाई."

पाऊस लागायच्या आत तिला खाली आनायची. ह्येवढं येकच काम घिऊन मी निगाले.

वडूज ते सातारा

वडूजला येस्टीत बसले तवा ऊन डोक्याव आलं न्हवतं. आमच्याकडं ह्या दिसात बगाया काय नसतं. नांगरलेली रानं, बाभळी, आन मदीच कुटं पवनचक्की फिरती. स्वातीला त्ये भकास वाटतं. मला न्हाई वाटत. ह्ये असंच बगत मी म्हातारी झाले.

पर आमी मुळातली हितली न्हवं. आमचं गाव कोयनंच्या काठाला व्हतं. धरनाचं पानी चढाया लागलं तवा मी परकर नेसायची, कोंडा तर कडंव असायची निम्मा येळ. ट्रकातनं आमास्नी आनलं आन माळाव उतरवलं. तितं काय बी न्हवतं. झाड म्हनाल तर येक बोर. घर न्हाई, हीर न्हाई, कुत्रं सुदीक भुकाया न्हाई. आमच्या बापानं बोचकी खाली ठिवली आन कमरंव हात दिऊन नुस्ता चारी अंगाला बगत ऱ्हायला. आई म्हनली, "आवं, बगताय काय?" तर म्हनला, "काय बगायचं त्येच बगतुय."

येस्टीत शेजारी येक मिलिटरीतनं रिटायर झालेलं बाबा बसलं व्हतं. मिश्या पांढऱ्या, पर पीळ तसाच. मला म्हनलं, "काय आजी, कुटं पोस्टिंग?"

म्हनलं, "भनीकडं. डोंगरात."

"ड्यूटी काय?"

"तिला उचलून आनायची."

हासलं बाबा. मग समदं इचारून घेतलं, आन सांगाया लागलं, बर्फात त्येंना येकदा नव्या जाग्याव ठिवलं व्हतं. तितं आदी कुनी ऱ्हायलं न्हवतं. "आजी, आमच्या साहेबानं पयल्या दिशी तंबू ठोकूच दिला न्हाई. म्हनला, आज काम करायचं न्हाई, निस्तं बसायचं. वारं कुटनं येतं, ऊन कवा जातं, बर्फ कुटं साचतं, त्ये बगा. आमी शिव्या घातल्या त्येला मनात. दुसऱ्या दिशी तंबू ठोकला तवा कळलं."

म्हनलं, आमच्या बापाला असा साहेब भेटाया पायजे व्हता.

कोयनानगर

साताऱ्याला गाडी बदलली. घाट लागला तशी स्वातीची तब्येत बिगडली. वळनं म्हंजी काय, गाडीचं तोंड अन शेपूट येकमेकाला बगत्यात. पोरीनं पिशवी भरली. मी तिच्या तोंडात आवळ्याची सुपारी घातली. ती म्हनली, "आजी, तुला काय व्हत न्हाई?" म्हनलं, मी ह्या वाटंनं ट्रकात मागं बोचक्याव बसून उलटी गेलीया, आता सुलटी चाललीया, काय व्हायाचं?

कोयनानगरला च्या प्यायला टपरीव बसलो. कपबशी हातात घेतली आन बशीतला च्या थरथरला. बाकडं बी वाईच हाललं. स्वाती टनकन उटून उभी ऱ्हायली. टपरीवाला कांदा चिरत व्हता, त्येनं मान बी वर केली न्हाई. "बसा ताई. नवं मानूस आलं की धरनी मान हालवती. भजी घ्या गरम."

आमच्याकडं जिमीन कवा हालत न्हाई, पर पाऊस दीत न्हाई. हितं पाऊस मोजून घ्यावा तेवढा, पर पायाखालची जिमीन जाग्याव ऱ्हाईल ह्याचा भरवसा न्हाई. जिकडं जावं तिकडं कायतरी अंगवळनी पाडून घ्याया लागतंच.

ज्ञानू आमास्नी न्ह्याला आला व्हता. पोरगं वाळलेलं. लाँचीत बसलो. पानी खाली गेलेलं, काठाची तांबडी माती उगडी पडलेली. स्वातीनं इचारलं, "आजी, तुमचं गाव कुटंशी व्हतं?" मी हात केला. नुस्तं पानी. तितं काय बगायचं?

मग तीच बोलाया लागली. म्हनली, साळंत पोरं इचारत्यात, मानसं आदी आली कुटनं. लय लय वर्सामागं मानसं चालत चालत निगाली, आन जितं कुनीच न्हवतं तितं जाऊन ऱ्हायली. कुनाचं गाव न्हाई, वाट न्हाई, नाव न्हाई. तितलं पानी कुटं, खायाचं काय, इखारी काय, समदं त्येंनी आपलं आपन शिकून घेतलं.

ज्ञानू म्हनला, "मंग आमच्या आईसारखी येक बी म्हातारी त्येंच्यात नसंल. न्हाईतर निगालीच नसती."

समदी हासली. मी बी हासले. पर माझ्या मनात दुसरंच आलं. म्हनलं, त्या मानसांतबी कुनीतरी आदी खाल्लं असंल. त्याबिगर दुसऱ्याला कसं कळंल?

वरची वाडी

लाँचीतनं उतरून चढ. करवंदीच्या जाळ्या काळ्या झालेल्या. मी धा पावलं चालायची, धा करवंदं खायची. स्वाती म्हनली, "आजी, अशानं आपन दिवाळीला पोचू."

वाडीत गेलो तर घरांची छपरं काढून नेलेली, भिंती तेवढ्या उभ्या. मांजरं हिंडत्यात. शेवटाला कोंडाचं घर, त्येच्या दाराम्होरं सारवलेलं, आन दारात कोंडा. मला बगून उटली न्हाई.

"आलीस? ज्ञान्यानं लावली व्हय तुला माझ्याव?"

म्हनलं, "पानी दे आदी. मग भांड."

पानी दिलं. गुळाचा खडा बी दिला. मग भांडली. "वाघ यायाचाय म्हनं. यिऊ दे की. माझी हाडं त्येच्या दाताला बी लागायची न्हाईत. त्येला वाडी पायजे तर त्येनं बाकीची घरं घ्यावीत, माझं येक सोडावं."

म्हनलं, "वाघाला सांगायचं कोन? तू?"

"सांगीन की. तुज्यापरीस तरी ऐकंल."

दुपारला नाचनीची भाकरी, उडदाचं घुटं, आन फणसाची भाजी. आमच्याकडं जवारी-बाजरी, तिला ह्यो मऊपना न्हाई. मी नेलेली शेंगदान्याची चटनी आन हुलग्याच्या शेंगुळ्या सोडल्या. कोंडानं शेंगुळी तोंडात घातली आन म्हनली, "घोड्याचं खानं." पर समदी खाल्ली.

जेवल्याव आमी दोगीच वड्याला गेलो. डोंगरातनं पानी झिरपतं, तितं दगडाची कुंडी केलीया. पाय सोडून बसलो. ज्ञानूचं, चिमीचं बोलनं झालं. मग म्या सरळ इचारलं, "कोंडे, माळानं तुझं काय घोडं मारलंय? मी न्हाई का ऱ्हायले? वड्याला पानी हाय म्हनून समद्यांनी हितंच ऱ्हायचं व्हय?"

कोंडानं कुंडीतलं पानी तोंडाव मारलं. मग म्हनली, "आक्का, तुला सांगू? मला दुसरं कायबी याद न्हाई. येवडंच याद हाय. माळाव आपल्या कुडाच्या कोपीत चूल पेटलेली. आई म्होरं थाळी घिऊन बसलेली. हिरवी भाजी, वाफ येतीया. मला भूक लागलेली, मी हात घातला. आईनं माझ्या हाताव फाटदिशी मारलं. आन माझ्याम्होरं येकली खाल्ली. समदी. मला येक घास दिला न्हाई. परत येकदा बी तसंच. मी रडतीया आन ती खातीया." तिनं पाय पान्यातनं वर काढलं. "ज्या जाग्याव आई पोरीच्या हातातनं घास वडून घेती, तसल्या जाग्याव माझ्या नातीनं ऱ्हायचं?"

ह्या बाईनं येवढी वर्सं ह्ये पोटात ठिवलं, आन आमी दर सनाला भेटलो, हासलो, लुगडी दिली-घेतली. म्हनून तर ती बापाच्या भनीच्या, आत्तीच्या घरी द्यायची ठरली तवा नाचत गेली डोंगरात. आमाला वाटलं, आत्तीची माया.

मग म्या सांगितलं. त्येच हितं सांगते.

पयल्या साली आमी समदंच चुकलो. डोंगरात पाऊस मावळतीकडनं येतो, म्हनून समद्यांची दारं उगवतीला. माळाव बी आमी कोप्या तशाच बांदल्या. मिरगाचा शिडकावा झाला तशी डोंगरातल्यावानी नाचनी पेरली. उगवून आली आन जळून गेली. पाऊस दडून बसला. आन जवा आला, हत्तीच्या नकशत्रात, तवा उगवतीकडनं आला, सरळ दारातनं आत. पीठ, मीठ, चूल, समदं वाहून गेलं. घरात खायाला उरलं न्हाई.

पावसानं माळ मातूर हिरवा झाला. पाला कसला कसला उगवला. पर आमाला त्यातलं येक बी नाव ठावं न्हवतं. डोंगरातला टाकळा, कुर्डू, भारंगी आई डोळं झाकून खुडायची. हितला पाला निराळा. इचारावं तर मानूस न्हाई. खालचं गाव लांब. तवा आई काय करायची, गाय कशाला तोंड लावती बगायची. मग त्ये पान जिभंला लावायची. मग मूठभर उकडून आपन येकली खायची. आमाला शिवू द्याची न्हाई. रात जाऊन दिस उगवला आन आई बरी असली, तर त्ये आमच्या ताटात. दोन-तीनदा तिच्या पोटात लय कळा आल्या, मी बगितलंया. वाकून बसायची. त्यो पाला मग घरात परत आला न्हाई.

आन मला तिनं सांगून ठिवलं व्हतं, "सकाळी मी उटले न्हाई तर कोंडाला कडंव घे आन त्या बोरीखालनं जी वाट जाती, तिनं खालच्या गावात जा. रडत बसू नगंस." मी थोरली, म्हनून मला सांगितलं. बारकीला सांगू नगं म्हनली, ती भ्याली तर खानारच न्हाई कायबी.

पुडच्या साली मेंढरं घिऊन धनगरं आली. त्येंच्यातल्या येका बाईनं आईला समदा पाला दावला, ह्यो खायाचा, ह्यो न्हाई. पेरा परतीच्या पावसाव करा म्हनून बी तिनंच सांगितलं. आईनं तिला इचारलं, "बाई, तुमाला कुनी सांगितलं?" ती म्हनली, "माझ्या सासूनं." "आन तिला?" "तिच्या सासूनं." आई हासली. म्हनली, "म्हंजी तुमच्यातल्या बी कुनीतरी आदी येकलीनं बसून खाल्लंच की."

येवढं म्या सांगितलं. कोंडानं आपला हात उलटा करून बगितला. कुंडीत पानी पडत ऱ्हायलं.

मग म्हनली, "लय जोरात मारलं व्हतं गं."

म्हनलं, "मारायचंच. तू लय हावरी व्हतीस."

खाली येताना

व्हय म्हनली न्हाई, न्हाई बी म्हनली न्हाई. सकाळी उटून बगते तर कोंडानं चुलीतलं तीन धोंडं काडून पोत्यात बांदलेलं. नाचनीचं बियानं येका गाडग्यात. आन टोपल्याखाली येक कोंबडा, तीन कोंबड्या. ज्ञानू आईकडं बगतो, माझ्याकडं बगतो. म्या डोळ्यानंच म्हनलं, गप, कायबी बोलू नगंस.

दाराला कडी घातली. मग परत काडली. म्हनली, "आत मांजर ऱ्हाईल." उगडं सोडून निगाली, मागं बगितलं न्हाई.

कराडला विट्याच्या गाडीत बसलो, तवा कोंबडा टोपल्यातनं आरावला. कंडक्टर पोरगा आला. "आजी, ह्येचं तिकीट?"

कोंडा म्हनली, "दे की. पर मंग त्येला शीट बी दे. खिडकीची."

आख्खी गाडी हासली. कोंडाच्या तोंडाव हासू म्या त्या परवासात तवा पयल्यांदा बगितलं.

नवा माळ

माळ बगून कोंडाचं त्वांड परत उतरलं. मला बी तिचा राग आला न्हाई. पत्र्याची शेडं, खडी, आन वारं. आमच्यापरीस बरं म्हनायचं, रस्ता हाय, नळ हाय, विजेचा खांब हाय. चिमी पळत आली आन आजीच्या कमरंला मिठी मारली. सुमननं भाकरतुकडा ववाळून टाकला.

ज्ञानूनं घराचा पाया आखून ठिवला व्हता, दोऱ्या लावून. हौसंनं दावाया लागला. "मावशी, ह्यो सोपा, ह्ये माजघर, ह्ये दार."

दार उगवतीला.

म्हनलं, "ज्ञानू, दार फिरीव बाबा. वरल्या अंगाला, उत्तरंला कर."

कोंडानं लगीच त्वांड घातलं, "का गं? आमची समदी दारं उगवतीलाच. पाऊस मावळतीकडनं येतो, देवानं घालून दिलंया."

म्हनलं, "तुझ्या डोंगरातल्या देवानं. हितं दोन वारं. आखाडातलं मावळतीकडनं, आन वळीव, परतीचा पाऊस उगवतीकडनं. म्हनून आमी दारं मदल्या बाजूला केली. दोनीकडचं कुशीला लागतं, तोंडाव येत न्हाई."

"तुमच्या माळाला पाऊस कुटनं यावा त्ये बी कळत न्हाई," कोंडा म्हनली आन शेडाच्या दारात, उगवतीकडं त्वांड करून, तीन धोंडं मांडून चूल पेटवली. भांडाया माझ्यात तरान न्हवतं. मी बाजंव आडवी झाले.

च्यार वाजायच्या सुमाराला उगवतीकडनं आबाळ काळं झालं. वळीव. आदी धुरळा आला, मग गारा, मग पानी, समदं सरळ शेडाच्या दारातनं. चूल इझली, पीठ भिजलं, टोपलं उलटं झालं आन कोंबडा ज्ञानूच्या डोक्याव. सुमन परातीनं पानी काडतीया, स्वाती तिचा फोन पदरात, म्हंजी वडनीत लपवतीया, चिमी गारा येचतीया. कोंडा मदी उभी, डोसक्यापासनं पायापातूर भिजलेली. माझ्याकडं बगितलं. मला वाटलं, आता ही चालली डोंगरात.

तर हासाया लागली. खाली बसली आन पोट धरून हासली. "आक्का, आई म्हनत नसंल का गं तवा, ह्या माळाचा पाऊस बी येडाच हाय?"

"म्हनली व्हती की. आन शिवी बी दिली व्हती."

"कसली?"

ती म्या तिच्या कानात सांगितली. हितं सांगत न्हाई, स्वाती लिवतीया.

पाऊस थांबल्याव कोंडानं आपल्या हातानं तिन्ही धोंडं उचललं आन वरल्या अंगाला, आडोशाला मांडलं. ज्ञानूला म्हनली, "उद्या दोरी फिरीव." संपलं.

मी म्होरं आनिक थोडं दीस ऱ्हायले, तिला करमाया पायजे म्हनून. वळवानं माळाव हिरवं फुटलं. येका सकाळी बांदाला कोंडा वाकलेली दिसली. जिमिनीसरशी पसरलेली लांबट पानं, कातरल्यावानी. पाथरी. आमी कच्चीच भाकरीसंगं खातो, जीव ववाळून टाकावा अशी गुनाची. डोंगरात तिनं कुटं बगितली असनार? तिनं येक पान तोडलं, वास घेतला, जिभंला लावलं. मागनं चिमी आली आन हात घातला. कोंडानं तिच्या हाताव टापली मारली. मूठभर पानं खुडली, तितंच बसून येकली खाल्ली.

चिमीनं भोकाड पसरलं. "आजी येकलीच खाती! मला दीत न्हाई!"

"उद्या," कोंडा म्हनली. "उद्या दीन. आज आजी खानार."

मला ठावं व्हतं त्ये काय हाय. येका शब्दात सांगता आलं असतं. पर म्या तोंड उगडलं न्हाई. मी शेडात गेले आन माझी पिशवी भराया लागले.

दुसऱ्या दिशी सकाळी निगाले तवा कोंडा चुलीम्होरं बसलेली, चिमी तिच्या मांडीव. भाकरीचा तुकडा, त्येच्यात पाथरीची दोन पानं, कोंडा तिला भरवत व्हती. मला म्हनली, "जा तू आता. दिवाळीला ये. दार बगाया."

येस्टीत बसले, चपला काडल्या, पाय वर घेतले. स्वाती म्हनली, "आजी, खिडकीतनं हात तरी कर." हात केला. आन झोप अशी लागली, की वडूजला कंडक्टरनं उटवली.